गोलुंडाचा दात

मी बार्शीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. नामशेष झालेले उंदीर त्यांच्या अश्मीभूत दातांवरून ओळखणं हा माझ्या अभ्यासाचा विषय. दरवर्षी नव्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "मॅडम, मग आपल्याकडं सापडतील का असले दात?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर खडकापासून सुरू होतं.

बार्शीच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले आणि दख्खनचं पठार तयार झालं. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. पण दोन उद्रेकांच्या मधे शांततेचा काळ येई. तेव्हा तळी भरत, ओढे वाहत, गाळ साठे, आणि पुढचा लाव्हा त्या गाळावर पसरून तो झाकून टाकी. अशा मधल्या थरांना भूशास्त्रात आंतरट्रॅपी थर म्हणतात, आणि दख्खनमधले त्या काळचे जीवाश्म त्यांतच मिळतात. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरजवळच्या टाकळीच्या अशाच थरांतून जीवाश्म गोळा केले होते. पुढे १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी तेलंगणातल्या नसकलच्या आंतरट्रॅपी थरातून एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात शोधले आणि हिस्लॉप यांची आठवण ठेवून त्याला 'डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी' असं नाव दिलं.

तो प्राणी उंदीर नव्हता. लाव्हा वाहत होता त्या काळात उंदीरवर्ग पृथ्वीवर होता याचा कुठेही पुरावा नाही. उंदीर, खार, साळिंदर हे सगळे ज्या वर्गात येतात त्याचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडचा या वर्गाचा एक अतिशय जुना दाखला सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतला. २००८ मध्ये वर्णन झालेल्या त्या प्राण्याचं नाव 'मेल्डिमिस मूसक'. म्हणजे बार्शीचा खडक थिजला त्यानंतर कोटभर वर्षांनी.

तरीही आंतरट्रॅपी थरांत उंदराच्या दातांशी मिळतेजुळते दात मिळतात. २००७ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या थरांतून 'दक्षिणा जेदेरी' या प्राण्याचं वर्णन झालं, आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या किसलपुरीहून 'भारतथेरियम बोनापार्टी' हे नाव पुढे आलं. हे दोन्ही एकच प्राणी असावेत असं आता मानतात. त्याच्या दाढा उंच, झिजत जाऊन वर सरकणाऱ्या. पहिल्या नजरेत कुणालाही उंदीरवर्ग आठवेल. प्रत्यक्षात हा गोंडवानाथेर नावाच्या एका संपूर्ण नष्ट झालेल्या गटातला प्राणी. या गटाचे दात दक्षिण अमेरिकेत आणि मादागास्करमध्येही सापडतात. कठीण, किरकिरीत अन्न चावायची गरज पडली की वेगवेगळ्या कुळांत सारखे दात घडू शकतात. म्हणून दाताचं एकूण रूप पाहून नाव देता येत नाही. बारकावे पाहावे लागतात. वर्गात मी नेहमी हा धडा आधी शिकवते.

मग बार्शीत बसून नामशेष उंदरांचा अभ्यास करायचा कसा? याचं उत्तर मला एम.एस्सी.ला असताना माझ्या सरांनी दिलं होतं. शिवालिक टेकड्यांतल्या उंदरांच्या दातांची रेखाचित्रं पाहून मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते म्हणाले, "हे वाचायचं असेल तर आधी तुझ्या गावचे उंदीर दातांवरून ओळखायला शीक. नामशेष उंदीर शेवटी जिवंत उंदरांशी ताडूनच कळतो." पुढे इतकी वर्षं मी तेच करत आले.

जिवंत उंदरांचे दात गोळा करायला सापळे लावावे लागले नाहीत. ते काम घुबडं करत होती. बाजारपेठेमागे माळवदाचा एक जुना वाडा आहे. त्याच्या पडक्या बाजूला गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. वाड्याच्या मालकीणबाई वयाने मोठ्या, त्यांना आम्ही काकू म्हणायचो. मी परवानगी मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक म्हणत्यात, घुबड घरात नको. पण ह्ये हाय म्हणून माझ्या ज्वारीच्या पोत्याला उंदीर लागत न्हाई, बाई. तू खुशाल गोळा कर, फक्त पिलास्नी हात लावू नको." आम्ही घरट्याकडे कधीच गेलो नाही. खाली पडलेलं तेवढंच उचललं.

गव्हाणी घुबड लहान भक्ष्य बहुधा अख्खं गिळतं. मांस पचतं, केस, हाडं आणि दात पोटात उरतात, त्यांची गोळी होते आणि घुबड ती तोंडावाटे टाकून देतं. अंगठ्याएवढ्या काळपट गोळीत एका किंवा अनेक उंदरांच्या कवट्या आणि जबडे असतात. गव्हाणी घुबडाच्या पोटातलं आम्ल फार तीव्र नसतं, म्हणून दात जवळजवळ शाबूत येतात. ससाणे किंवा शिकरा यांच्या पोटातून गेलेल्या दातांचं इनॅमल मात्र खाल्लेलं, गोलसर झालेलं दिसतं. जीवाश्मांच्या अभ्यासात हा फरक फार मोलाचा आहे. जगभरातल्या गुहांमधे आणि गाळात उंदरांचे दात ढिगाने मिळतात, ते पुष्कळदा त्या काळच्या घुबडांनी टाकलेल्या गोळ्यांतूनच साठलेले असतात. पीटर अँड्र्यूज यांनी १९९० मध्ये या विषयावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला. दातावरच्या खुणांवरून तो दात कोणत्या शिकाऱ्याने तिथवर आणला हे कसं ओळखायचं ते त्यांनी त्यात पद्धतशीर मांडलं.

गोळ्या आम्ही कोमट पाण्यात भिजत घालतो. केस सुटले की चिमट्याने कवटी आणि जबडे बाजूला काढायचे, आणि उरलेलं पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, कारण सुटा दात नेहमी तळाशी बसतो. मग टीपकागदावर वाळवायचं आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्यांत भरायचं. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: जागा, तारीख, कुणी गोळा केलं. चिठ्ठीशिवायचा दात कितीही देखणा असला तरी अभ्यासाला निरुपयोगी, हे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण एकदा पडलं की सुटत नाही.

आता दातांकडे येते. उंदराला पुढे वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे दात असतात. ते जन्मभर वाढतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला इनॅमल असतं आणि मागची बाजू मऊ डेंटीनची, म्हणून झिजताना त्यांची धार आपोआप तयार होत राहते. सुळे नाहीत. पटाशीनंतर बरीच मोकळी जागा आणि मग प्रत्येक बाजूला तीन दाढा. असे उंदराला एकूण १६ दात. खारीला २२ आणि साळिंदराला २०, कारण त्यांच्या दाढांच्या पुढे उपदाढा टिकून राहिल्या आहेत. त्यामुळे नुसता रिकामा जबडा हाती आला, तरी दातांच्या खोबणी मोजून कुळ सांगता येतं. चिचुंद्रीचा जबडा याच गोळ्यांत येतो, पण तिच्या दातांची टोकदार रांग सलग असते. तिथे घोटाळ्याला जागाच नाही.

खरी ओळख होते ती वरच्या पहिल्या दाढेवरून. उंदरांच्या या दाढेवर उंचवट्यांच्या तीन आडव्या ओळी असतात. गेरिट मिलर यांनी १९१२ मध्ये या उंचवट्यांना टी-१ ते टी-९ असे क्रमांक दिले, आणि आजही आम्ही त्याच क्रमांकांनी बोलतो. कोणता उंचवटा आहे, कोणता गेला, कोणता शेजाऱ्याला जोडला गेला, कोणता मागे सरकला यावरून जात ठरते. पण हे उंचवटे प्राण्याच्या वयाबरोबर झिजतात. टाकी लावलेलं जातं वापरता वापरता गुळगुळीत व्हावं तशी म्हाताऱ्या उंदराची दाढ सपाट होते, आणि उंचवट्यांच्या जागी इनॅमलच्या कडा असलेली डेंटीनची नुसती बेटं उरतात. एकाच जातीचे कोवळा, मध्यम आणि म्हातारा असे तीन दात शेजारी ठेवले तर नवखा माणूस तीन जाती सांगेल. म्हणून आम्ही प्रत्येक जातीची झिजेची मालिका लावून ठेवली आहे. दात पूर्ण झिजला तरी मुळं उरतात. घरातल्या लहान उंदराच्या वरच्या पहिल्या दाढेला ३ मुळं, तर मोठ्या घरउंदराच्या त्याच दाढेला ५.

बार्शीच्या रानातल्या उंदरांची ओळख अशी हळूहळू होत गेली. शेतातल्या लहान उंदराची वरची पहिली दाढ जेमतेम दोन मिलीमीटरची, पण मागच्या दोन्ही दाढा मिळूनही तिच्याएवढ्या होत नाहीत. तिसरी दाढ तर भिंगाशिवाय दिसतही नाही. मऊ केसांच्या शेतउंदराचे, म्हणजे मिलार्डियाचे, उंचवटे गोलसर आणि बुटके. घुशीच्या दाढा मोठ्या, आणि त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळून आडव्या पट्ट्या झालेल्या. लांब मागच्या पायांच्या जर्बिलच्या दाढांवर तर उंचवटे उरतच नाहीत, एकामागे एक लंबगोल पट्ट्याच दिसतात. शिवाय त्याच्या वरच्या पटाशीवर उभी खाच असते.

एके दिवशी गोळीतून एक पटाशीचा दात आला, त्यावर खाच होती. विद्यार्थिनीने जर्बिल म्हणून बाटली उचलली. मी तिला त्याच कवटीची दाढ भिंगाखाली ठेवायला सांगितली. पट्ट्या नव्हत्याच. रुंद दाढ, उंच आणि एकमेकांपासून स्पष्ट सुटे उंचवटे, सरळ आडव्या ओळींत. खाचेची पटाशी आणि असली दाढ दोन्ही एकत्र असणारा आपल्याकडचा उंदीर एकच: गोलुंडा एलिओटी, भारतीय झुडूपउंदीर. हा प्राणी बार्शी परिसरात असल्याचा आमच्या हाती आलेला तो पहिला पुरावा, आणि तो दोन दातांवर उभा होता.

तो कुठे राहतो हे विचारायला आम्ही वैरागच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी वर्णन सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "त्यो व्हय? त्यो बिळात न्हाई राहत, मॅडम. बांधावरच्या झुडपाच्या बुडाला गवताचा गोळा करून राहतोय. लई मंद हाय, झटकन पळत न्हाई. म्हणून तर घुबडाला घावतोय." पुस्तकांत गोलुंडाचं हेच वर्णन आहे: झुडपात गवताचं घरटं, गवतातून पाडलेल्या वाटा, संथ चाल. अण्णांनी एकही पुस्तक न वाचता ते सांगितलं.

हे ज्ञान अशाच माणसांकडून शास्त्रात आलं आहे. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर एलियट धारवाड भागात होते. त्यांनी दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये छापली. उंदरांची पुष्कळ माहिती त्यांना वडार लोकांकडून मिळाली, कारण उंदीर धरणं आणि त्यांची बिळं खणून आतलं धान्य काढणं हे वडारांच्या रोजच्या जगण्यातलं होतं. एलियट यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३७ मध्ये गोलुंडाचं वर्णन केलं आणि जातीला एलियट यांचंच नाव दिलं. पुढे १९११-१२ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, आणि तिची सुरुवात खानदेशातून झाली. त्या पाहणीत जमलेल्या कातड्या आणि कवट्यांवर आपल्या उंदरांच्या वर्गीकरणाचा मोठा भाग उभा आहे.

गोलुंडाचा दात माझ्या अभ्यासात मध्यभागी आला तो त्याच्या नातलगांमुळे. आज या प्रजातीची जगात एकच जात जिवंत आहे. पण अमेरिकी संशोधक लुई जेकब्झ यांनी १९७८ मध्ये शिवालिक थरांतल्या दातांवरून 'गोलुंडा केलेरी' ही नामशेष जात मांडली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचे राजीव पटनाईक यांनी १९९७ मध्ये भारतीय शिवालिकातून 'गोलुंडा टॅट्रोटिकस' दिली. आणि इथिओपियातल्या हाडारमधून, म्हणजे जिथे 'लूसी'चा सांगाडा मिळाला त्याच परिसरातून, १९८२ मध्ये 'गोलुंडा गुराय' प्रसिद्ध झाली. आज ज्या उंदराचा आफ्रिकेत मागमूस नाही, त्याचा भाऊबंद तिथे एकेकाळी राहत होता, हे एका दाढेच्या उंचवट्यांवरून कळतं. काकूंच्या वाड्यातल्या बाटलीशेजारी हाडारच्या दाताचं रेखाचित्र मी ठेवते, तेव्हा दोघांतलं साम्य पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसतं. फरक दाखवायला मात्र मोजपट्टी लागते.

वेगळी जात ठरते ती या फरकांवर. संशोधक दात जागच्या जागी शोधत बसत नाहीत. ते थरातली माती पोत्यांनी नेतात. मातीत चिकणमाती असली तर ती पूर्ण वाळवून रॉकेलमध्ये भिजवतात, मग पाण्यात टाकली की ती विरघळल्यासारखी सुटते. चुनखडीचा गोटा असला तर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल वापरतात. मग अर्धा मिलीमीटर जाळीच्या चाळणीतून धुऊन, उरलेली भरड वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दात उचलायचा. दाताची लांबी-रुंदी मोजायची, उंचवट्यांची मांडणी पाहायची, मुळं मोजायची आणि ज्ञात जातींशी ताडायचं. एका दाताच्या आकारावरून जात ठरवणं धोक्याचं असतं, कारण एकाच जातीतही लहानमोठे दात असतातच. एकाच थरातले अनेक दात मोजले, ते एका मर्यादेत बसले, आणि ती मर्यादा कुठल्याच ज्ञात जातीच्या मर्यादेशी जुळली नाही, की नव्या जातीचा दावा पक्का होतो. त्यांतला एक दात प्रमाण नमुना म्हणून नोंदवला जातो, आणि पुढच्या प्रत्येक संशोधकाला त्याच्यापाशीच यावं लागतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. शेपटीची लांबी, केसांचा रंग, आवाज यांनी वेगळ्या होणाऱ्या काही जातींचे दात सारखेच दिसतात. मोठ्या घरउंदराच्या जवळच्या जातींत हे फार होतं. म्हणजे दातांवरून मोजलेली नामशेष जातींची संख्या नेहमी थोडी कमीच असणार, आणि हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.

आम्ही सीना नदीच्या काठच्या दरडींतली माती धुऊन पाहिली आहे. मुलांना ही पद्धत हाताने करता यावी हा हेतू होता. शंख-शिंपले भरपूर मिळाले, माशांचे मणके मिळाले आणि उंदरांचे काही दातही. मुलांचा आनंद ओसंडून वाहत होता. पण ते दात पांढरे, हलके, ताजे होते. मातीतल्या खनिजांनी त्यांत शिरकाव केलेला नव्हता. दरडीकडे नीट पाहिलं तेव्हा जुन्या थरात वरून आलेलं बीळ दिसलं, मऊ आणि वेगळ्या रंगाच्या मातीने भरलेलं. उंदीर खणणारा प्राणी आहे. तो आजचा असूनही हजारो वर्षं जुन्या थरात मरून पडू शकतो. पुरातत्त्वाच्या उत्खननांतही हीच अडचण येते, म्हणून दाताबरोबर तो कुठल्या मातीत बसला होता हे लिहून ठेवणं तितकंच महत्त्वाचं. आपल्याच बालाघाट डोंगरांतून निघणाऱ्या मांजरा नदीच्या जुन्या गाळात लातूर जिल्ह्यात हत्तीचे आणि रानगुरांचे जीवाश्म मिळाले आहेत. मोठी हाडं जिथे टिकली तिथे बारीक दातही टिकले असण्याची शक्यता असते. ते चाळणीशिवाय हाती लागत नाहीत.

बारीक दातांचं मोल काय, हे हथनोऱ्याच्या उदाहरणाने समजतं. नर्मदेकाठी १९८२ मध्ये अरुण सोनाकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. कवटी एकच, पण त्या परिसरातल्या गाळातून पटनाईक यांनी उंदरांचे आणि इतर छोट्या प्राण्यांचे दात व हाडं धुऊन काढली. हत्ती, गुरं मैलोन्‌मैल भटकतात, म्हणून त्यांच्यावरून एका जागेचं चित्र उभं करणं अवघड. उंदीर मात्र आपल्या बांधाजवळच जगतो आणि मरतो. एखाद्या थरात कोणते उंदीर होते हे कळलं की तिथे गवताळ माळ होता, झुडपं होती की पाणथळ, हे सांगता येतं. आंध्रातल्या कर्नूलच्या गुहांतले दातही असेच मोलाचे ठरले. रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांच्या मुलाने तिथे १८८० च्या दशकात उत्खनन केलं, त्या सामग्रीतून रिचर्ड लिडेकर यांनी १८८६ मध्ये 'हिस्ट्रिक्स क्रासिडेन्स' ही नामशेष साळिंदराची जात दातांवरून मांडली.

या दातांवर किती मोठे हिशेब उभे राहतात हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जेकब्झ यांनी पोटवार पठाराच्या थरांतून उंदरांची एक क्रमवार मालिका लावली. सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या 'अँटेमस'मध्ये दाढेच्या आतल्या बाजूचा पहिला उंचवटा ओळीपासून सुटा आहे. नंतरच्या 'प्रोगोनोमिस'मध्ये तो ओळीत येऊन शेजाऱ्यांना जोडला जातो. त्यानंतर मालिकेला दोन फाटे फुटतात. एक लहान उंदराच्या दिशेने जातो, दुसऱ्याचं नाव 'कर्णिमाता', जे वाचताना देशनोकच्या करणीमातेच्या मंदिरातले उंदीर आठवतातच. हा दुसरा फाटा मोठ्या उंदराकडे जातो असं मानून दोघांच्या विभक्त होण्याचा काळ सुमारे १ कोटी २० लाख वर्षं धरला गेला. जनुकांवरून काळ मोजणाऱ्या शेकडो अभ्यासांनी आपलं घड्याळ याच आकड्यावर लावलं. २०१५ मध्ये युरी किमुरा आणि सहकाऱ्यांनी ते दात पुन्हा बारकाईने मोजले आणि दाखवलं की कर्णिमाता मोठ्या उंदराच्या नव्हे, तर आफ्रिकेतल्या गवती उंदरांच्या कुळाच्या जवळची आहे. म्हणजे जो काळ एका फाट्याचा समजला जात होता तो दुसऱ्याच फाट्याचा निघाला. मिलीमीटरभराच्या उंचवट्याची जागा नीट पाहिली की जनुकांच्या हिशेबातला पाया बदलतो.

हे सगळं शिकायला मी पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये जाऊन त्यांचा तुलनेसाठी ठेवलेला प्राण्यांच्या हाडांचा संग्रह पाहिला, मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातल्या कवट्या पाहिल्या. तिथे शिकलेली गोष्ट बार्शीत आणली: संग्रह हाच या शास्त्राचा पाया आहे. उपकरणं नंतर येतात. आमच्या विभागात आता एका कपाटात बार्शी परिसरातल्या उंदरांचे दात जातीवार, वयवार, जागेवार लावलेले आहेत. त्याला लागला तो वेळ, काचेच्या बाटल्या, एक बरा सूक्ष्मदर्शक आणि पेन्सिल. यातलं काहीच तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

आणि हे काम आत्ताच करायला हवं. आमच्याकडे ज्वारीचं रान कमी होत चाललं आहे, सोयाबीन आणि ऊस वाढतो आहे. बांध नांगरले जातात, झुडपं तुटतात, आणि गोलुंडासारखा झुडपाच्या बुडाला राहणारा उंदीर आधी जातो. माळवदाचे वाडे पाडून स्लॅबची घरं उठतात, तेव्हा घुबडाची जागा जाते. आज कोणत्या शिवारात कोणते उंदीर आहेत याची दातांसकट नोंद ठेवली, तर पन्नास वर्षांनी काय गेलं हे सांगता येईल. नोंद नसेल तर एखादी जात आमच्या बांधावरून निघून गेल्याचं कुणाला कळणारही नाही.

म्हणून सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडमधल्या प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विभागाला माझी विनंती आहे. आपल्या गावातल्या घुबडाची जागा शोधा, खाली पडलेल्या गोळ्या उचला, अण्णांसारख्या माणसांना विचारा, आणि एक कपाट या दातांना द्या. नामशेष उंदराला नाव द्यायचा अधिकार जिवंत उंदीर ओळखणाऱ्यालाच मिळतो. उद्या सीनेच्या किंवा मांजरेच्या गाळातून खरोखरच जुना दात कुणाच्या चाळणीत आला, तर तो कशाशी ताडायचा याचं उत्तर त्याला आपल्याच तालुक्यात मिळालं पाहिजे.